पहिली आगबोट कंपनी वालचंदांची नव्हे

दर 5 एप्रिलला, राष्ट्रीय सागरी दिनी, एक संदेश हटकून फिरतो: ‘सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1919 साली देशातली पहिली स्वदेशी जहाज कंपनी एकट्याच्या हिमतीवर काढली, ग्वाल्हेरच्या महाराजांनी त्यांना ‘लॉयल्टी’ जहाज भेट दिलं, आणि इंग्रजांपुढे ते कधीच वाकले नाहीत.’ वालचंदशेठ मोठे होतेच, पण यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी ‘पहिली’चं बघू. तुतिकोरिनचे वकील व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी 1906 मध्येच स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली होती. भांडवल दहा लाख, शेअर पंचवीस रुपयांचा. ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ या त्यांच्या आगबोटी तुतिकोरिन-कोलंबो धावू लागल्या, तेव्हा ‘ब्रिटिश इंडिया’ या इंग्रजी आगबोट कंपनीने तिकीट पाडत पाडत फुकटावर आणलं, वर प्रवाशांना छत्र्या वाटल्या! चिदंबरम टिळकांचे अनुयायी. 1908 साली राजद्रोहाखाली त्यांना दुहेरी जन्मठेप झाली (अपिलात ती कमी झाली), तुरुंगात तेलाचा घाणा ओढायला लावलं. इकडे कंपनी बुडाली. मराठी संदेशात या माणसाला एक ओळही मिळू नये, हे मला खटकतं.

‘एकट्याने’ तर मुळीच नाही. वालचंदांच्या या कंपनीत, म्हणजे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनमध्ये, नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास, किलाचंद देवचंद बरोबर होते आणि 1929 पर्यंत अध्यक्ष होते नरोत्तमशेठ.

जहाज भेट मिळालं नाही, विकत घेतलं. ‘लॉयल्टी’ म्हणजे कॅनडियन पॅसिफिक कंपनीची जुनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी घेऊन तिचं रुग्णालय-जहाज केलं होतं. 1923 मध्ये ती मोडीत निघाली.

राहिलं न वाकणं. त्याच 1923 साली सिंदियाने त्याच ब्रिटिश इंडियाशी दहा वर्षांचा करार केला: सिंदियाने फक्त किनाऱ्यावरची मालवाहतूक करायची, जहाजांच्या एकूण टनभारावरही मर्यादा. अटी जाचक होत्या, पण दरयुद्धात चिदंबरम यांची कंपनी जशी संपली तशी सिंदिया संपली नाही, ती या सहीमुळे. मला यात कमीपणा दिसत नाही. धंद्याची समज दिसते. मग लपवायचं कशाला?

आणि ज्याचा खरोखर गवगवा व्हावा ते संदेशात नाहीच. सिंदियाने 1941 साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला आणि मार्च 1948 मध्ये तिथे बांधलेली ‘जलउषा’ नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.