तुमच्याकडे

"तुमच्याकडे काय, माणूस म्हातारं झालं की टाकलं आश्रमात." शुक्रवारी रात्री मामांनी आमच्या घरच्या ग्रुपवर हे टाकलं. कारण एवढंच, की मावसभावाने मावशीला वृद्धाश्रमात ठेवलं. ठेवलं त्याने, राहतो तो पुण्यात, आणि बोलणी खायची जर्मनीतल्या स्टुटगार्टने, म्हणजे मी. मी 'आपल्याकडे'मधून 'तुमच्याकडे'मध्ये कधी गेलो, हे बावीस वर्षांत मला कुणी कळवलेलं नाही.

उत्तरं माझ्याकडे तयार होती. संस्कार एवढे पक्के होते, तर २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा का करावा लागला? म्हाताऱ्याने प्रांतांसमोर उभं राहून पोटच्या पोराकडे पैसे मागायचे, तेही कायद्याने महिन्याला फार तर १०,००० रुपये. इथे १९९५ पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. माझ्याही पगारातून कापला जातो. मूलबाळ नसेल तर जरा जास्तच. आणि मुलाचं उत्पन्न वर्षाला १ लाख युरोच्या आत असेल, तर आईच्या आश्रमाच्या बिलासाठी २०२० पासून सरकार त्याच्या दारात येत नाही. शिवाय मामांच्या घरी आजीचं अंथरूण नऊ वर्षं कुणी धुतलं, हेही मला माहीत आहे. मामींनी.

(परत केली की पंचवीस सेंट अनामत मिळते, त्या रिकाम्या बाटलीसाठी स्टेशनवरच्या कचरापेटीत हात घालणारे म्हातारे मला रोज दिसतात. ते मी मामांना सांगणार नाही.)

हे सगळं डोक्यात घोळवतच शनिवारी दुकानातून बाहेर पडलो. समोर ऐंशीच्या पुढची एक बाई, रोलॅटरवरची, म्हणजे चाकांच्या वॉकरवरची, पिशवी घसरून बटाटे फुटपाथभर. मी धावलो आणि सवयीने तिचा दंड धरला.

"हात सोडा. आधी विचारायचं असतं."

साताऱ्यात "आजी, आणा इकडं" म्हणेपर्यंत पिशवी माझ्या हातात आली असती. इथे हात पुढे जातो आणि जीभ अडते, कारण हाक काय मारायची? आजी म्हणावं तर अपमान. शेवटी रीतसर विचारलं. तिने क्षणभर विचार केला आणि हो म्हणाली.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. रोलॅटर तिने खाली जिन्याच्या कठड्याला कुलूप लावून ठेवला. दर मजल्यावर ती थांबायची. दम लागला असं काही म्हणायची नाही. या आठवड्यात जिना झाडायची पाळी असलेल्या बिऱ्हाडाने तो कसा नीट झाडलेला नाही, ते मला दाखवायची. वर पोचल्यावर तिने मी कुठला ते विचारलं. भारत म्हटल्यावर म्हणाली, "तुमच्याकडे बरं असतं. सगळे एकत्र राहतात ना?"

मी हो म्हणालो. मामासुद्धा एवढ्या ठामपणे म्हणाले नसते.

माझी आई साताऱ्यात एकटी असते. ७८ वर्षांची आहे. हॉलमध्ये मी कॅमेरा बसवलाय. खुर्चीतून उठताना ती आधी गुडघ्यावर हात ठेवते, मग भिंतीवर, मग नुसतीच उभी राहते. मी ते ऑफिसात जेवता जेवता बघतो. दवाखाना, गॅस, लाइटबिल शेजारचा पोरगा बघतो. गेल्या वेळी निघताना त्याच्या खिशात २,००० रुपये कोंबले. त्याने ते काढून टीव्हीशेजारी ठेवले आणि निघून गेला. आई फोनवर दोन आठवडे माझ्याशी धड बोलली नाही. "त्याला गडी केलास व्हय?" एवढंच म्हणाली.

त्या बाईने दारात पाकीट उघडून दोन युरोचं नाणं काढलं. मी आपल्या पद्धतीने दोनदा नको म्हणालो. राग आला होता, खरं सांगायचं तर. तिने नाणं माझ्या तळहातावर ठेवून बोटं मिटली. "मला उधारी आवडत नाही."

घरी आलो तर पेटीत पेन्शनवाल्यांचं दरवर्षीचं पत्र: ६७ पूर्ण झाल्यावर महिन्याला इतके इतके युरो. ते कुठे बसून खर्च करणार, हा रकाना त्यात नाही. आमचं घरही तिसऱ्या मजल्यावरच आहे. जिना चढताना त्या दिवशी पहिल्यांदा पायऱ्या मोजल्या. चोपन्न.

मामांसाठी लिहिलेलं सगळं पुसलं. मामींचे गुडघे कसे आहेत, तेवढं विचारलं. नाणं कोटाच्या खिशात आहे. आता दर शनिवारी ते दुकानातल्या ट्रॉलीच्या कुलपात घालतो. ट्रॉली जागेवर लावली की परत हातात येतं.