पाला पेटवू नका. आणि दंड मावशींच्या माथी मारू नका.

आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत बदामाची तीन झाडं आहेत. जानेवारी सरत आला की पानं लालभडक होऊन गळतात. झाडणाऱ्या मावशी सकाळी सहाला खराट्याने ढीग करतात आणि काडी लावतात. दवाने ओलसर झालेला पाला धड पेटत नाही, नुसता धुमसतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार नि जड, त्यामुळे धूर वर जातच नाही. पहिल्या मजल्यावर माझे दम्याचे बाबा राहतात. गेल्या फेब्रुवारीत ते पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून श्वास ओढत होते. पंप दोनदा घेतला तरी शब्द फुटेना.

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली आहे. साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. पालासुद्धा कचऱ्यातच मोडतो. तरी "पानंच तर आहेत, प्लास्टिक थोडंच आहे" हे मी मीटिंगमध्ये दरवर्षी ऐकते. त्या ढिगात वेफर्सची पाकिटं आणि दुधाच्या पिशव्या असतात, मी स्वतः काठीने उकरून पाहिलंय.

पण तक्रार केली की सगळे मावशींवर घसरतात, हे मला अजिबात पटत नाही. आपण त्यांना एवढंच सांगतो, की आठच्या आत आवार लख्ख पाहिजे. पाला टाकायचा कुठे, ते कधी सांगितलं? पावती फाडायचीच असेल तर सोसायटीच्या नावाने फाडा. वॉचमनकाकांच्या शेकोटीचंही तेच. रात्रभर गेटवर थंडीत बसवायचं, तर केबिनला दार आणि एक हीटर द्यायला नको का?

फटाक्यांचंही इथेच सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, माळांवर बंदी घातली, आणि फक्त हरित फटाक्यांना परवानगी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मुंबईसाठी पुन्हा तेच दोन तास ठरवले. हरित फटाकेही धूर करतातच, फक्त कमी. मुलांनी फटाके उडवूच नयेत असं मी म्हणत नाही. दहाला थांबा, एवढंच. बाराला सुतळी बॉम्ब लावणारी मुलं नसतात, त्यांचे बाप असतात.

यंदा आम्ही मागच्या बाजूला जाळीचा चार फुटी गोल पिंजरा उभा केलाय. पाला त्यात टाकायचा, मधूनमधून पाणी आणि थोडा शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, शिंपडायचा. पाला कुजत, दबत खाली बसतो, ढीग बघता बघता निम्मा होतो. जागा नसेल तर पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम आहे, पाला हवा असलेल्या बागवाल्यांशी गाठ घालून देतो. जाळीला दोन हजारांच्या आत खर्च आला. कुणाला बघायचा असेल तर रविवारी सकाळी या, मावशीच दाखवतील. आता पिंजरा त्याच सांभाळतात, आणि त्या कामाचे त्यांना वेगळे पैसे मिळतात.