थेट मुंबई, आणि वाटेतले आठ तास

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्याकडे तीनदा आला. आधी भावकीच्या ग्रुपवर, मग गणेश मंडळाच्या, मग दहावीच्या बॅचच्या. मजकूर असा:

"खान्देशकरांनो सावधान! आपल्या तिन्ही जिल्ह्यांत मेंदूचा एकही डॉक्टर नाही. डोक्याला मार लागला तर इथं कुठंही थांबू नका, थेट मुंबई गाठा. इथले लोक सीटी स्कॅनच्या नावाखाली पैसे उकळतात. पेशंट बोलत असेल तर काही झालेलं नसतं, फक्त त्याला झोपू देऊ नका. मेंदूचं ऑपरेशन सरकारी योजनेत बसत नाही, दहा लाख तयार ठेवा."

मी जळगावात सीटी स्कॅनच्या मशीनवर काम करतो. सोळा वर्षं झाली, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. म्हणजे मेसेजमधलं ते पैसे उकळणारं मशीन चालवणारा मीच. माझं पोट त्यावर आहे हे आधीच सांगतो, पुढचं तुम्ही त्या हिशेबानं वाचा.

"मेंदूचा एकही डॉक्टर नाही"

हे सरळ खोटं आहे. जळगावात न्यूरोसर्जन आहेत, धुळ्यातही आहेत. कवटी उघडून रक्ताची गाठ काढायचं काम इथं होतं. ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो मीच काढत आलोय. माझ्या वडिलांच्या वेळी मात्र डोक्याचा मार म्हणजे औरंगाबाद नाहीतर मुंबई, हे खरं होतं. मेसेज लिहिणारा बहुतेक त्याच काळात राहिलाय. धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज जुनं. त्याच्या जोडीला २०१८ साली जळगावला आणि २०२० साली नंदुरबारला कॉलेज सुरू झालं.

पण इथं मेसेजवाल्याला अर्धा मार्क द्यावा लागेल. कॉलेज आहे, पाटीवर 'न्यूरो' लिहिलंय, म्हणून रात्री दोन वाजता सर्जन हजर असेलच असं नाही. आपल्याकडच्या पाट्यांवरची बरीच नावं 'व्हिजिटिंग' असतात. डॉक्टर नाशिकहून किंवा संभाजीनगरहून ठरलेल्या वारी येतात, ओपीडी करतात आणि संध्याकाळी परत जातात. कंबरेतून पायात जाणारी जुनी कळ दाखवायला ते चांगलेच. शनिवारी रात्री मोटारसायकलवरून पडलेल्या पोराला गुरुवारचा डॉक्टर कामाचा नाही.

आणखी एक घोळ 'मेंदूचा डॉक्टर' या शब्दातच आहे. न्यूरोलॉजिस्ट औषधानं उपचार करतो, त्याची पदवी डी.एम. न्यूरोसर्जन ऑपरेशन करतो, त्याची एम.सीएच. किंवा त्याच तोडीची डी.एन.बी. फिट येते, हात थरथरतो, अर्धं डोकं दुखतं, हे सगळं पहिल्याकडचं काम. अंगावरून वारं गेलं, म्हणजे लकवा मारला, तरी सहसा पहिल्याचीच गरज लागते. रक्ताच्या गुठळीमुळं आलेला लकवा असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आपल्याकडे हे तास तेल चोळण्यात आणि कुणीतरी सांगितलेल्या गावच्या जडीबुटीत जातात. लकवा गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठीही आधी सीटीच लागतो. डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतो. दोन मिनिटांचं काम, पण करणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

"कुठंही थांबू नका, थेट मुंबई"

सगळ्या मेसेजमधलं हेच वाक्य जीवघेणं आहे.

आमच्या नात्यातला एक जण, चोपड्याकडचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडला. शुद्ध हरपली. बोलेरोच्या मागच्या सीटवर आडवा केला, डोकं बायकोच्या मांडीवर, आणि गाडी निघाली मुंबईला. वाटेत धुळं लागलं, मालेगाव लागलं, नाशिक लागलं. कुठंच थांबले नाहीत, कारण 'इथं काही होत नाही'. मालेगावच्या पुढं तो मोठ्यानं घोरायला लागला. सगळ्यांना वाटलं, चला, गाढ झोप लागली. इगतपुरीच्या अलीकडे घोरणं थांबलं.

ते घोरणं झोपेचं नव्हतं. बेशुद्ध माणूस उताणा असला की जीभ मागं पडते, श्वासाची वाट अर्धी बंद होते आणि तसा आवाज येतो. मार लागलेल्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, रक्तदाब घसरला, की पहिल्या माराहून मोठं नुकसान या दुसऱ्या माराचं होतं. डोक्याला गंभीर इजा झालेल्यांचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं, हे १९९३ सालीच नोंदलं गेलंय. आणि श्वासाची वाट मोकळी ठेवणं, ऑक्सिजन, सलाईन, मान हलू नये म्हणून पट्टा, गरज पडली तर नळी टाकणं, यातलं काहीही करायला न्यूरोसर्जन लागत नाही. अतिदक्षता विभाग आणि भूलतज्ज्ञ असलेलं तालुक्याचं बरं हॉस्पिटल ते करतं. शुद्ध मोजायला डॉक्टर ३ ते १५ गुणांची ग्लासगो पट्टी वापरतात, १९७४ पासून. गुण ८ किंवा कमी आले की आधी श्वासनळीत नळी, मग प्रवास. बोलेरोत हे कोण करणार?

आता रक्ताच्या गाठीचं. १९८१ साली अमेरिकेतल्या ८२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या आवरणाखाली ताजं रक्त साचून बेशुद्ध झालेले हे रुग्ण. चार तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत ३० टक्के दगावले, त्यानंतर झालेल्यांत ९० टक्के. पुढच्या अभ्यासांत फरक इतका टोकाचा दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण म्हणून मुद्दाम उशीर करावा, असा त्याचा अर्थ होत नाही. जळगावहून मुंबई चारशे किलोमीटरच्या वर. गाडी ठरवणं, पैसे गोळा करणं धरून आठ तास कुठंच गेले नाहीत.

'जवळ' म्हणजे काय, हे तुमचं गाव ठरवतं, जिल्ह्याची हद्द नाही. मुक्ताईनगर-भुसावळवाल्याला जळगाव. शिरपूर-साक्रीवाल्याला धुळे. नवापूरवाल्याला बऱ्याचदा सुरत सोयीचं. रावेरहून बुऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर, पण तिथं त्या रात्री सर्जन आहे का हे विचारल्याशिवाय ते जवळ असून उपयोगाचं नाही. चाळीसगाववाल्यांना संभाजीनगर म्हणजे कन्नडचा घाट आला, आणि २०२१ च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळून तो घाट बंद पडला होता हे तिथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यांनी धुळ्याचा नंबर जवळ ठेवलेला बरा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तर पेशंट आधी बांबूच्या झोळीत रस्त्यापर्यंत येतो. त्याला 'थेट मुंबई' सांगणं ही थट्टा आहे.

मग मुंबईला कधीच जायचं नाही का? जायचं की. मेंदूत गाठ निघाली, पेशंट चालताबोलता आहे, डॉक्टरांनी आठपंधरा दिवसांची मुदत दिलीय, तर केईएम आहे, कर्करोगाची शंका असेल तर टाटा आहे. लहान मुलाची मेंदूतली गाठ, फिटसाठीचं ऑपरेशन, अशा कामांना जिथं ती रोज होतात तिथंच न्यावं. दुसरं मत घ्यायलाही वेळ असतो. मणक्याच्या चकतीचं तर बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ऑपरेशनवाचून उतरतं. फक्त लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं तर त्याच दिवशी पळायचं, आणि तेही जवळच.

"पेशंट बोलत असेल तर काही झालेलं नसतं"

"पोऱ्या बोली राहिना ना!" म्हणजे पोरगं बोलतंय की, हे अहिराणी वाक्य मी सीटीच्या दारात किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही.

दोन वर्षांपूर्वी लग्नसराईत अमळनेर तालुक्यातलं एक पोरगं आणलं होतं. हळदीहून येताना गाडी घसरली होती, हेल्मेट नाही. चांगला बोलत होता. मला म्हणाला, "दादा, माझा मोबाईल कुठंय?" स्कॅन लावला तर कवटीच्या आत उजव्या बाजूला भिंगाच्या आकाराचा पांढरा डाग. कवटी तडकून धमनी फाटली होती, रक्त साचत होतं. मशीनवरून उतरवेपर्यंत त्याला उलटी झाली आणि तो मोबाईल विचारायचा थांबला. ऑपरेशन त्याच रात्री, इथंच झालं. पुढं तो फेरतपासणीला आला तेव्हा मला त्यानं ओळखलंही नाही, आणि ते बरंच झालं.

मार लागणं आणि शुद्ध जाणं यांच्या मधला हा शुद्धीत वाटणारा काळ फसवा असतो. म्हणून बोलतोय की नाही यापेक्षा बघायचं ते वेगळं: उलटी दोनदा झाली का, डोकेदुखी वाढतेय का, फिट आली का, तेच तेच विचारतोय का, कानातून किंवा नाकातून पाणी-रक्त येतंय का, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय का. यातलं एकही असेल तर स्कॅन लगेच. पासष्टीच्या पुढचा माणूस किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असलेला माणूस असेल तर लक्षणं नसली तरी डॉक्टरला दाखवायचं. म्हाताऱ्या माणसांत आणखी एक प्रकार होतो. आबा मोरीत घसरले, काहीच झालं नाही. महिन्यानं चाल बिघडली, विसरायला लागले, लुंगीतच लघवी व्हायला लागली. घरचे म्हणतात, वय झालं. स्कॅनमध्ये जुनं, पातळ झालेलं रक्त निघतं. कवटीला छोटी छिद्रं पाडून ते काढलं की बरेच आबा पुन्हा पारावर जाऊन बसतात.

"झोपू देऊ नका"

झोपेनं मेंदूत रक्त साचत नाही. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्या, आणि त्यांनी सांगितलेल्या अंतरानं उठवून नाव-गाव विचारा. उठतच नसेल तर ते लक्षण आहे. न तपासता रात्रभर गालावर चापट्या मारत बसणं हा उपचार नव्हे.

"सीटीच्या नावाखाली पैसे उकळतात"

कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरनं कमिशन घेणं, आपल्याकडे आहे. नाही म्हणणारा खोटं बोलतोय. नुसतं टेंगूळ आलेल्या, हसतखेळत असलेल्या पोराचा स्कॅन काढायला पाठवलेलं मीही पाहिलंय. पण त्यामुळं गरजेचा स्कॅन टाळायचा, हा राग भलत्यावर काढणं झालं.

डोक्याचा साधा सीटी काही मिनिटांत होतो. उपाशीपोटी असावं लागत नाही, अपघातात शाईचं इंजेक्शनही सहसा लागत नाही. फोटो त्याच क्षणी सर्जनच्या मोबाईलवर जातात. डॉक्टर घरून निघेपर्यंत ऑपरेशन थिएटर तयार होतं, किंवा 'ऑपरेशनची गरज नाही, तिथंच ठेवा' असं सांगतात. हे दुसरं उत्तर जास्त वेळा येतं. डोक्याला मार लागलेल्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. मुंबईला गेलात तरी पहिला प्रश्न 'स्कॅन कुठंय' हाच असतो. तिथं परत काढतात ही तक्रार खरी, पण गाठ वाढली का हे जुन्याशी ताडूनच कळतं. प्लेटच्या बरोबर सीडीही मागून घ्या.

"योजनेत बसत नाही, दहा लाख ठेवा"

बसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत न्यूरोसर्जरी आहे, आणि मर्यादा आता वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांची. गंमत अशी की २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळं होतं. अट एवढीच, की हॉस्पिटल योजनेत हवं आणि न्यूरोसर्जरीसाठी हवं, नुसतं हाडांसाठी नव्हे. हे तिथल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर विचारता येतं. रस्त्यावरच्या अपघातासाठी २०२५ पासून केंद्राचीही योजना आहे: सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर आमच्या नानांनी विचारलं, "मग नेमका कोणता डॉक्टर, नाव सांग ना." नाव सांगून भागत नाही. आजचं नाव उद्या सुट्टीवर असतं. मी नानांना कागद घ्यायला लावला. जवळच्या तीन हॉस्पिटलांचे नंबर लिहा आणि आज, काही झालेलं नसताना, फोन करून चार गोष्टी विचारा: रात्री सीटी चालू असतो का, न्यूरोसर्जन गावात राहतो की येऊन जातो, व्हेंटिलेटर आणि भूलतज्ज्ञ रात्री मिळतो का, योजनेत न्यूरोसर्जरी आहे का. वर १०८ लिहा. त्या गाडीवाल्यालाही 'सीटी आणि न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी' असं स्पष्ट सांगावं लागतं.

नानांनी त्याच रात्री साडेअकराला माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावले. पहिल्या ठिकाणी बाईंनी चारही उत्तरं दिली, वर सर्जनना यायला वीस मिनिटं लागतात हेही सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी सर्जन होते, योजना नव्हती. तिसऱ्या ठिकाणी, रस्त्यावर सगळ्यात मोठी न्यूरोची पाटी असलेल्या, बराच वेळ बेल वाजली आणि मग एक झोपेतला आवाज म्हणाला, "सकाळी दहानंतर करा." नानांनी चष्मा वर सरकवला आणि कागदावरून ते नाव खोडलं.