पहिला सेट हरलेला मानांकित खेळाडू ‘स्वस्त’ नसतो

टेनिसवरील प्रेडिक्शन मार्केटविषयी, म्हणजे सामन्याच्या निकालावरील करार विकत घेण्या-विकण्याच्या बाजाराविषयी, एक सल्ला सध्या सर्वत्र फिरतो आहे. वरचे मानांकन असलेल्या खेळाडूने पहिला सेट गमावला की बाजार घाबरतो आणि त्याच्या विजयाचा करार मातीमोल भावाने मिळतो. मोठे खेळाडू पुनरागमन करतातच, आणि नाही केले तरी सामना डोळ्यांसमोर चालू असल्यामुळे वेळीच विकून बाहेर पडता येते. शिवाय हा सट्टा नसून ट्रेडिंग आहे, असे हा सल्ला सांगतो. यातील एकेक विधान तपासू.

आधी घबराट. कल्शी किंवा पॉलिमार्केट यांसारख्या प्रेडिक्शन मार्केटवर अंदाज खरा ठरल्यास करारामागे एक डॉलर मिळतो, अन्यथा काहीच नाही. म्हणून ७८ सेंट भाव म्हणजे ढोबळमानाने ७८ टक्के शक्यता. एखादा खेळाडू कोणताही सेट जिंकण्याची शक्यता ७० टक्के धरली, तर तीन सेटांच्या सामन्यात त्याच्या विजयाची शक्यता सुमारे ७८ टक्के येते. पहिला सेट गेल्यावर उरलेले दोन्ही जिंकणे भाग असते, म्हणजे ०.७ गुणिले ०.७, अर्थात ४९ टक्के. खेळाडूच्या कुवतीविषयीचे मत तसूभरही न बदलता भाव २९ सेंटांनी उतरला, तर त्यात घबराट कोणती? उलट, दुखरी पोटरी किंवा आत न पडणारी पहिली सर्व्हिस यांची वार्ता हरलेल्या सेटातूनच कळते, त्यामुळे भाव ४९च्याही खाली जाणे रास्त ठरू शकते. बाजार कधीकधी अतिरेक करतो हे मान्य. पण तो अतिरेक ओळखायचा, तर स्वतःचा आकडा सामन्याआधीच मांडलेला हवा, आणि नेमका तोच या सल्ल्यात कुठे नसतो.

पुनरागमनाची उदाहरणे मात्र भरपूर दिली जातात: २०२१ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात जोकोविच, २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये नदाल, २०२५ च्या फ्रेंच ओपनमध्ये अल्काराझ, तिघेही पहिले दोन सेट हरून विजेते ठरले. परंतु हे सारे पुरुषांच्या ग्रँड स्लॅममधील, पाच सेटांचे सामने आहेत. वरच्याच ७० टक्क्यांच्या खेळाडूची शक्यता तेथे ८४ वरून ६५ वर येते, ४९ वर नव्हे. महिलांचे सामने आणि ग्रँड स्लॅमबाहेरील पुरुषांच्या व्यावसायिक (एटीपी) स्पर्धा तीन सेटांच्या असतात, आणि सल्ला तर सरसकट सर्वांना लावला जातो.

ग्रँड स्लॅमपुरतेच बोलायचे तरी २०२१ ची यूएस ओपन पाहावी. निशिकोरी, ब्रुक्सबी, बेरेटिनी आणि झ्वेरेव्ह या चौघांविरुद्ध ओळीने पहिला सेट गमावूनही जोकोविच जिंकला. अंतिम सामन्यात मेदवेदेवविरुद्ध पुन्हा पहिला सेट गेला आणि तो ६-४, ६-४, ६-४ असा हरला. पाचही वेळा करार ८० सेंटला घेतला असता, तर चार विजयांतील प्रत्येकी २० सेंटांची कमाई एका पराभवात गेली असती, आणि शुल्क वेगळेच. शुल्काचेही पाहा: कल्शीच्या सर्वसाधारण सूत्रात ते ५० सेंटांच्या आसपास सर्वाधिक असते, आणि तीन सेटांच्या सामन्यात पहिला सेट हरलेल्या मानांकिताचा भाव बहुधा तिथेच कुठेतरी असतो.

‘वेळीच बाहेर पडा’ हे तर सर्वांत पोकळ. गुणाची नोंद पंचाच्या यंत्रातून पुढे जाते आणि प्रक्षेपण काही सेकंद मागून येते. तेवढ्या सेकंदांच्या फायद्यासाठीच लोक मैदानात बसून सट्टेबाजांना गुण कळवीत. २०१४ मध्ये मेलबर्नला अशा एकाला अटकही झाली होती, पुढे आरोप मागे घेण्यात आले. ब्रेक झाला, म्हणजे खेळाडूने स्वतःच्या सर्व्हिसचा गेम गमावला, की भाव हळूहळू घसरत नाही, उडी मारतो. पडद्यावर तो गुण दिसेपर्यंत आपल्याला हव्या त्या भावाचे खरेदीदार निघून गेलेले असतात.

राहिला ‘ट्रेडिंग’ हा शब्द. नाव बदलल्याने सट्टा बदलत नाही. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आहे, आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेद ठेवलेला नाही. त्यानंतर ‘प्रोबो’सारख्या मतांवर सौदे चालवणाऱ्या मंचाने पैशांचे व्यवहार थांबवले.