पन्नास हजार स्टेशनं, पण यादी कोणाच्या ताब्यात?

घरी ऐकायला इंटरनेट रेडिओ (वाय-फायवरून जगभरची स्टेशनं वाजवणारं यंत्र) घ्यायचा म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो, आणि तो जसाच्या तसा पुढे ढकलला जातो. त्याचा सारांश असा: सगळे इंटरनेट रेडिओ आतून सारखेच, तेव्हा खोक्यावर स्टेशनांचा आकडा मोठा असेल तो घ्या; एकदा घेतला की कटकट मिटली; अडखळला तर इंटरनेटचा वेग वाढवा; आवाज एफएमच्या खालचाच असणार; आणि जुना फोन व ब्लूटूथ स्पीकर घरात असेल तर काहीच घेऊ नका. शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे एकेक करून पाहू.

‘आकडा मोठा तो घ्या, एकदा घेतला की झालं’

रेडिओच्या पोटात स्टेशनं नसतातच. चालू केल्यावर यंत्र यादी पुरवणाऱ्या एखाद्या सेवेच्या सर्व्हरला विचारतं आणि तिथून नावं व पत्ते आणतं. ही सेवा बहुधा उत्पादकाची स्वतःची नसते. एकच यादी अनेक कंपन्यांच्या यंत्रांत असते. त्यामुळे खोक्यावरचा आकडा यंत्राबद्दल काहीच सांगत नाही. त्या यादीतल्या बंद पडलेल्या आणि दोनदा आलेल्या नोंदीही त्यात मोजलेल्या असू शकतात.

खरी अडचण यादी बंद पडते तेव्हा कळते. अनेक कंपन्यांच्या रेडिओंना यादी पुरवणारी रेसिव्हा ही सेवा २०२१ मध्ये बंद झाली. स्पीकर ठणठणीत, वाय-फाय ठणठणीत, पण मेनू रिकामा. याउलट लॉजिटेकच्या स्क्वीझबॉक्स या नेटवर्कवरून संगीत वाजवणाऱ्या यंत्रांचं पाहा. कंपनीनं ती मालिका बंद केली, २०२४ मध्ये तिची ऑनलाइन सेवाही थांबवली, तरी ती यंत्रं आजही वाजतात. कारण त्यांना लागणारा सर्व्हर घरच्याच संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर चालवता येतो. तो आता लिरियन म्युझिक सर्व्हर या नावानं विनामूल्य मिळतो.

यादी शाबूत असली तरी स्टेशन आपला प्रसारणाचा प्रकार बदलू शकतं. बीबीसीनं २०१५ मध्ये डब्ल्यूएमए या जुन्या ऑडिओ प्रकारातले प्रवाह (इंटरनेटवरून सतत येणारा स्टेशनचा आवाज) बंद केले तेव्हा कितीतरी रेडिओ त्या स्टेशनांपुरते मुके झाले. तिसरा धोका सुरक्षा प्रमाणपत्रांचा. स्टेशन ‘एचटीटीपीएस’ या सुरक्षित जोडणीवर गेलं आणि ती प्रमाणपत्रं तपासणारं यंत्राचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं असलं की जोडणीच नाकारली जाते, आणि पडद्यावर नुसतं ‘नेटवर्क एरर’ दिसतं. मग माणूस उगाच राउटर बंद-चालू करत बसतो.

म्हणून घेण्याआधी आकडा न विचारता हे विचारा: मला हवा तो प्रवाहाचा पत्ता स्वतः घालता येतो का, आणि कुठून? यंत्राच्या मेनूतून किंवा घरच्या नेटवर्कवर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या पानावरून घालता आला तर उत्तम. उत्पादकाच्या संकेतस्थळावर खातं काढूनच घालता येत असेल, तर ती सोय संकेतस्थळाबरोबरच जाणार. यंत्र यूपीएनपी किंवा डीएलएनएवरून (घरच्या नेटवर्कवर एका यंत्रानं दुसऱ्याला आवाज पाठवण्याच्या पद्धती) वाजवता येत असेल तर तीही पळवाट आहे: यादी गेली तरी फोनमधल्या अॅपवरून किंवा घरच्या सर्व्हरवरून त्याला प्रवाह देता येतो.

पत्ता शोधणं अवघड नाही. स्टेशनच्या पानावर ‘पीएलएस’ (.pls) किंवा ‘एम३यू’ (.m3u) फाइल मिळाली तर ती नोटपॅडमध्ये उघडा; ती साधा मजकूर असते, आणि ‘पीएलएस’मध्ये ‘File1=’ च्या पुढे पत्ता असतो. फाइल नसेल तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडून स्टेशन वाजवा आणि ‘मीडिया’ प्रकारची ओळ पाहा. पत्ता संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल-एन दाबून वाजवा. कंट्रोल-जे दाबलं की कोडेक (आवाज दाबून लहान करण्याची पद्धत) दिसतो. पत्त्याच्या शेवटी लांबलचक सांकेतिक अक्षरं असतील तर तो बहुधा तात्पुरता असतो, उद्या चालणार नाही.

‘अडखळला तर वेग वाढवा’

१२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिट) प्रवाह म्हणजे ०.१२८ एमबीपीएस. जोडणी १० एमबीपीएसची १०० केली तरी त्याला फरक पडत नाही. दोष बहुतेक वेळा राउटर ते रेडिओ या टप्प्यात असतो. अनेक रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्टा वापरतात. शेजारपाजारचे राउटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात गोंधळ घालतात. राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. रेडिओच्या जागी सिग्नल उणे ६७ डीबीएमपेक्षा (सिग्नलच्या ताकदीचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) चांगला हवा. उणे ७५ च्या खाली गेला की अडखळणं आलंच. लोखंडी कपाटावर ठेवलेला रेडिओ हात दोन हात सरकवून पाहा. नेटवर्क सापडतं पण जोडलं जात नसेल, तर राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या वाय-फाय सुरक्षा प्रकारावर आहे का ते तपासा. जुन्या यंत्रांना डब्ल्यूपीए२ लागतं. केबलची खाच असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही.

दिवसातून एखाद्याच वेळी, तेही एकच स्टेशन तासन्‌तास लावल्यावर क्षणभर खंड पडतो? स्टेशनचं घड्याळ आणि रेडिओचं घड्याळ तंतोतंत जुळत नाहीत. दशलक्षात ५० भागांचा फरक २४ तासांत सुमारे ४.३ सेकंदांवर जातो आणि छोटा बफर (पुढचा आवाज साठवून ठेवणारी जागा) रिकामा होतो. हा बिघाड नव्हे. स्टेशन पुन्हा लावा.

‘डेटा फार खातो’ हेही सुरुवातीच्या त्या सल्ल्याला काही वेळा जोडलेलं असतं. १२८ केबीपीएसला तासाला ५७.६ एमबी. रोज चार तास धरले तर महिन्याला सात जीबीच्या आत.

‘आवाज एफएमच्या खालचा’

एफएम स्टिरिओत १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, कारण १९ किलोहर्ट्झवर पायलट संकेत (रेडिओला स्टिरिओ ओळखू देणारा) असतो. चांगला १२८ केबीपीएसचा एएसी (एमपी३ नंतरचा कोडेक) प्रवाह त्याच्या तोडीस तोड असतो. मात्र नुसता केबीपीएसचा आकडा पाहून ठरवू नका. ६४ केबीपीएसचा एमपी३ झांजांचा चुरा करतो, तेवढ्याच आकड्यात एचई-एएसी (कमी केबीपीएससाठीचा एएसी) बराच स्वच्छ वाजतो.

गोम इथेच आहे. रेडिओतल्या डीकोडरला (दाबलेला आवाज उलगडणारा भाग) फक्त साधा एएसी कळत असेल तर एचई-एएसी प्रवाह वाजतो, पण वरचे सूर गायब होऊन आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा येतो. प्रवाह एचई-एएसीच्या दुसऱ्या आवृत्तीचा असेल तर शिवाय मोनोही होतो. लोक स्टेशनला शिव्या देतात, दोष यंत्राचा असतो. माहितीपत्रकात ‘एएसी’ एवढंच असेल तर एचई-एएसीबद्दल स्पष्ट विचारा. एचएलएस (प्रवाह छोट्या तुकड्यांत पाठवण्याची पद्धत) चालतं का तेही विचारा, कारण काही स्टेशनं आता फक्त त्यातच मिळतात.

‘जुना फोन आणि ब्लूटूथ पुरे’

फोन केबलनं अॅम्प्लिफायरला जोडलात तर खरंच पुरे. ब्लूटूथमध्ये आधीच दाबलेला आवाज उलगडून पुन्हा एसबीसी (ब्लूटूथचा मूळ कोडेक) किंवा दुसऱ्या कोडेकमध्ये दाबला जातो, फोन खोलीबाहेर नेला की तुटतो, मेसेजचा ‘टिंग’ स्पीकरवर येतो. बॅटरी वाचवणारी सेटिंग अॅपला पार्श्वभूमीत मारून टाकते. ती त्या अॅपपुरती बंद करावी लागते. कायम चार्जिंगला लावलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगू शकते, आणि मागचं झाकण उचललेलं दिसलं तर तो लगेच वापरातून काढा. शिवाय अँड्रॉइड ७.१.१ पेक्षा जुना फोन प्रमाणपत्रांच्या त्याच जाळ्यात सापडतो.

क्रोमकास्टची सोय असलेल्या स्पीकरचं वेगळं. तिथे फोन फक्त रिमोट असतो. प्रवाह स्पीकर स्वतः आणतो, त्यामुळे फोन बंद केला तरी गाणं चालू राहतं. असा स्पीकर आधीच घरात असेल आणि अंधारात हातानं फिरवायचं बटण नको असेल, तर वेगळा रेडिओ घेण्याचं कारण उरत नाही.