तिघींना एकत्र बसता येईल असा पाळणा

"आपण तिघी मिळून कशात बसू शकतो, ते सांग आधी." इंग्लंडमधल्या पॉल्टन्स पार्क या थीम पार्कच्या फाटकातून आत आल्या आल्या आईचा हा पहिला प्रश्न होता. तिघी म्हणजे गुडघे दुखणारी आई, मी आणि माझी तीन वर्षांची मुलगी. नऊ वर्षांचा मुलगा तोवर बापाला ओढत पुढे निघालाही होता.

गेल्या उन्हाळ्यात आई नागपूरहून आमच्याकडे साउथॅम्प्टनला आली होती. पॉल्टन्स इथून जवळच, न्यू फॉरेस्टच्या कडेला आहे. १९८३ साली सुरू झालेलं हे पार्क आजही एका कुटुंबाच्याच मालकीचं आहे. मे २०२५ मध्ये तिथे 'वाल्गार्ड' हा व्हायकिंग गावाच्या थाटाचा नवा भाग उघडला. मुलाला त्यातला 'ड्रॅकन' हा रोलरकोस्टर हवा होता. गाडी भिंतीसारखी सरळ उभी चढते आणि मग माणसांना उलटं टांगते. तो आनंदानं थरथरत खाली उतरला. धाकटी उंचीच्या पट्टीपर्यंतही पोचत नव्हती, म्हणून ती आजीबरोबर खाली थांबली. कुटुंबासाठी म्हणून केलेल्या जागेत आमच्या कुटुंबाचे असे दोन तुकडे झाले, आणि हे मला खटकलं.

एक गोष्ट मात्र फार आवडली. वाल्गार्डमधली 'रेव्हन' ही गाडी नवी नाही. २००६ पासून चालणारी जुनी 'कोब्रा'च नवं रूप घेऊन तिथे उभी आहे. जवळपास वीस वर्षं वापरलेली वस्तू भंगारात न काढता पुन्हा मानानं मांडली, आणि मुलं तिच्यासाठीही रांग लावून उभी होती.

तिघींना एकत्र बसायला मिळालं ते २०११ साली उघडलेल्या, पेप्पा पिग या कार्टूनच्या भागात. पेप्पाच्या आजोबांची छोटी आगगाडी सुटली तसं आईनं माझा हात धरला. "अगं, ही तर आपली वनबाला!" नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या झाडांतून फिरणारी मुलांची ती छोटी गाडी. तिच्यात आई माझ्या वयाची असताना मला मांडीवर घेऊन बसली होती.

दिवाळीत नागपूरला गेले, तर घरी वाद रंगलेला. दादाचं म्हणणं, मेट्रो आली, समृद्धी महामार्ग आला, आता मोठं थीम पार्कही व्हायला हवं. आपल्या पोट्ट्यांनी काऊन मुंबई-हैदराबादला जायचं? वहिनीचं म्हणणं, आधी वस्तीतल्या बागेतले झोके तर नीट करा. दोघांनीही मला पंच केलं, कारण मी 'तिकडचं' पाहून आले होते.

दादाची इच्छा मला चुकीची वाटत नाही. विदर्भातल्या मुलांनाही मोठं, सुंदर काही मिळावं. पण आपल्याकडची चर्चा आकड्यांपाशीच अडते: किती एकर, किती कोटी, मध्य भारतात पहिलं की दुसरं. कोण बसणार, हे कुणी विचारत नाही. पॉल्टन्समध्ये एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट लागत नाही. इतकी साधी सवलत आई-बाप-आजी सगळ्यांना खेचून आणते.

दुसरं तपासणीचं. ब्रिटनमध्ये पाळण्याची दर वर्षी बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी होते, शिवाय रोज सकाळी वेगळी पाहणी. तरीही २ जून २०१५ ला तिथल्याच अल्टन टॉवर्स या थीम पार्कमधल्या 'स्मायलर' रोलरकोस्टरवर एक गाडी दुसऱ्या रिकाम्या गाडीवर आदळली, माणसं आयुष्यभराची जायबंदी झाली, आणि कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. म्हणजे चुका तिथेही होतात; पण त्यांची किंमत वसूल केली जाते. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये मुलं जळाली, तेव्हा कळलं की त्या जागेला अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्रच नव्हतं. मोठ्या पार्कची मागणी करणाऱ्यानं तपासणीची मागणी आधी करावी, असं मी दादाला सांगितलं. तो गप्प झाला.

आणि इंग्लंडचं पार्क उचलून इथे ठेवता येणार नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. भर दुपारी लोखंडी घसरगुंडीला नुसता हात लावून बघा. इथे हवी दाट सावली आणि रात्री उशिरापर्यंत उघडं फाटक. नागपूरच्या फुटाळा तलावावर उन्हाळ्यात लोक केव्हा येतात, ते पाहिलं तरी पुरे. तान्ह्या पोळ्याला चिमुकली मुलं नटूनथटून लाकडी बैल ओढत निघतात, मागे आजी-आजोबा चालतात. पोरांसाठी अख्खी वस्ती रस्त्यावर येते. असा दिवस मला इंग्लंडमध्ये कुठे सापडला नाही.

संध्याकाळी सगळे वस्तीतल्या बागेत गेलो. तीन झोक्यांपैकी एक तुटलेला, दुसऱ्याची साखळी तारेनं बांधलेली. धाकटी तिसऱ्यासाठी रांगेत उभी राहिली. बसायला काहीच नव्हतं, म्हणून आई कट्ट्याला टेकून उभी. दादा बराच वेळ ती तार बोटांनी चाचपत राहिला.

"अर्ज देतो उद्या," तो म्हणाला. "काय काय लिहू?"

"साखळ्या लिही," वहिनी म्हणाली.

"आणि झोक्यांसमोर एक बाक," मी म्हटलं, "पाठ टेकता येईल असा."