इंडेंट दिला म्हणजे डब्ल्यूबीएस झालं असं नाही

बांधकामाचं शेड्यूल बनवणाऱ्या प्लॅनिंगवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज परत परत फिरतोय आणि नवीन पोरं तो जपून ठेवतायत, म्हणून लिहायला बसलो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं की डब्ल्यूबीएस (वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, प्रोजेक्टची वरून खाली तुकड्यांत केलेली विभागणी) म्हणजे कामांची यादीच, एमएस प्रोजेक्ट या शेड्यूलच्या सॉफ्टवेअरमधे टास्क टाका, इंडेंट द्या म्हणजे ओळ आत सरकवा, झालं. कशानंतर काय ही लिंक वरच्या समरीलाच, म्हणजे खालच्या टास्क एकत्र धरणाऱ्या ओळीलाच द्या म्हणजे मेहनत वाचते. आणि विभागणीच्या लेव्हल जितक्या जास्त तितका कंट्रोल जास्त.

आधी यादीचं बघू, कारण खरं नुकसान तिथेच होतं. यादी आठवेल तशी होते, डब्ल्यूबीएस आठवणीवर चालत नाही. त्यात आपण काय करणार ते नसतं, शेवटी काय उभं राहणार ते असतं. 'फायर लाइन' (आग विझवायच्या पाण्याची पाइपलाइन) हा डब्ल्यूबीएसचा तुकडा, 'फायर लाइनचा पाइप टाकणे' ही त्याखालची अ‍ॅक्टिव्हिटी. आणि खालच्या तुकड्यांची बेरीज वरच्याइतकी शंभर टक्के भरली पाहिजे, कमी नाही जास्त नाही. १९६८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने यावर मिल-एसटीडी-८८१ हे स्टँडर्ड काढलं, त्यातसुद्धा विमानाच्या खाली एअरफ्रेम, इंजिन असल्या वस्तू येतात.

एका साइटवर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पार्किंग आणि वर सात मजले, शेड्यूल मजल्यांप्रमाणे, प्रत्येक मजल्याखाली स्लॅब, ब्लॉकवर्क, प्लास्टर, टाइल्स, दिसायला एकदम छान. पण जमिनीखालच्या टाकीपासून डक्टपर्यंत जाणारी फायरची पाइपलाइन कुठल्याच मजल्यात बसत नव्हती, त्यामुळे ती शेड्यूलमधे आलीच नाही. लक्षात आलं तेव्हा पार्किंगमधे पेव्हर ब्लॉक बसून झाले होते, मग ते उचकटा, खणा, पाइप टाका, टेस्ट करा, परत बसवा. मजल्यांच्या शेजारी 'बाहेरची कामं' असा एक खण असता तरी कोणीतरी विचारलं असतं की यात काय काय येतं.

समरीला लिंक देण्याचं तर अजिबात करू नका. 'तिसरा मजला' संपला की 'चौथा मजला' अशी लिंक दिलीत तर सॉफ्टवेअर तिसऱ्याचं प्लास्टर आणि टाइल्स संपेपर्यंत चौथ्याचे कॉलम सुरूच करणार नाही, आणि साइटवर तर तिसऱ्याचा स्लॅब पडला की लगेच चौथ्याचे कॉलम उभे राहतात, प्लास्टर कितीतरी मागून येतं. शिवाय चौथ्याच्या कॉलमच्या ओळीत प्रीडिसेसर, म्हणजे आधीचं काम, बघायला जाल तर तो रकाना रिकामा, तारीख कोणी ढकलली ते शोधत बसा. प्रिमाव्हेरा पी६ या शेड्यूलच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे डब्ल्यूबीएसच्या पट्टीला लिंक देताच येत नाही, लिंक फक्त अ‍ॅक्टिव्हिटीला, आणि मला तेच बरोबर वाटतं.

लेव्हलचं म्हणाल तर प्रोग्रेस जिथे मोजणार आणि ज्या तुकड्याला एक माणूस जबाबदार धरणार तिथे थांबा. सात-आठ लेव्हल खाली गेलात की दर आठवड्याला अपडेट भरणारा माणूस अंदाजाने टक्के टाकायला लागतो. कॉन्ट्रॅक्टरप्रमाणे, ट्रेडप्रमाणे म्हणजे कामाच्या प्रकाराप्रमाणे बघायचंय? त्यासाठी पी६ मधे अ‍ॅक्टिव्हिटी कोड, म्हणजे कामाला लावायच्या खुणा, आहेत, ग्रुप करून हवं तसं दिसतं, त्यासाठी डब्ल्यूबीएसच्या लेव्हल वाढवायची गरज नाही.

मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे, टू बीएचकेचं रिनोव्हेशन असेल तर साधी यादी पुरते. मोठ्या कामात मात्र नंबरवर नजर ठेवा, एमएस प्रोजेक्टमधे मधेच ओळ घुसवली की खालचे आउटलाइन नंबर, म्हणजे ओळींना आपोआप मिळणारे नंबर, सरकतात आणि बिलात लिहिलेला १.३.२ दुसऱ्याच कामावर जाऊन बसतो. त्यामुळे पहिली टास्क टाइप करायच्या आधी प्रोजेक्ट टॅबवर डब्ल्यूबीएसमधे डिफाइन कोड उघडून आपला कोड ठरवून टाका.